‘बिनटाक्याचा’ उपचार म्हणजे नेमके काय? वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आज उपलब्ध असलेले पर्याय

पुण्यातल्या मोठ्या रस्त्यांवरून जाताना रुग्णालयांच्या पाट्यांवर ‘प्रोस्टेटवर बिनटाक्याचा उपचार’ अशी ओळ हल्ली हमखास दिसते. ओळ खोटी नाही, पण तिच्यातून काही कळतही नाही. ज्या शस्त्रक्रियेला आपण आता ‘जुनी’ म्हणू लागलो आहोत, ती टीयूआरपी नावाची दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा लघवीच्या मार्गातूनच होते आणि तिच्यातही पोटावर एकही टाका पडत नाही. पोट उघडून प्रोस्टेट काढण्याची वेळ आज फार मोठ्या ग्रंथींच्या बाबतीत आणि तीही क्वचितच येते. तेव्हा नव्या उपचारांत टाके कमी झालेले नाहीत. कमी झाली आहे ती भूल, कमी झाला आहे तो रुग्णालयातला मुक्काम, आणि मुख्य म्हणजे ग्रंथीचा जो भाग कापून बाहेर काढला जातो तो कमी झाला आहे. यातल्या शेवटच्या गोष्टीची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागू शकते, आणि पाटीवर ती लिहिलेली नसते.

प्रोस्टेटला मराठीत पुरस्थ ग्रंथी म्हणतात, पण दवाखान्यात हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे ‘प्रोस्टेटची गाठ’ असेच म्हटले जाते आणि ‘गाठ’ हा शब्द कानावर पडला की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती कड्यासारखी बसलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी, म्हणजे साधारण २० ते २५ मिलीलिटर आकारमानाची असते. टेस्टोस्टेरॉनचे ग्रंथीतल्या ग्रंथीत एका अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर होते आणि त्याच्या प्रभावाखाली तिचा आतला, मूत्रमार्गालगतचा भाग चाळिशीनंतर वाढू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पन्नाशी ते साठीच्या दरम्यानच्या जवळपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर ८० ते ९० टक्के पुरुषांत ही वाढ सापडते. हा कर्करोग नव्हे आणि या वाढीचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, म्हणून तपासून घ्यायचे, इतकेच.

आकार आणि त्रास यांचे गणित मात्र सरळ नसते. शंभर मिलीलिटरची ग्रंथी असलेला एखादा गृहस्थ रात्रभर शांत झोपतो आणि पस्तीस मिलीलिटरच्या ग्रंथीने दुसऱ्याची लघवी तुंबते. ग्रंथी बाहेरच्या बाजूला वाढली की मूत्रमार्गावर दाब कमी येतो. तिचा मधला भाग मूत्राशयात वर डोकावू लागला, तर तो मोरीच्या जाळीवर बसलेल्या बुचासारखा ऐन लघवीच्या वेळी तोंडावर बसतो, आणि माणूस जितका जोर करील तितका तो घट्ट बसतो. अहवालात ‘मीडियन लोब’ असे शब्द दिसले तर ते याबद्दल असतात. उपचार निवडताना नुसत्या आकारापेक्षा या दोन शब्दांना जास्त महत्त्व असते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी दुर्लक्षित बाजू मूत्राशयाची. तो स्नायूंचा फुगा आहे. पुढे अडथळा असला की तो अधिक जोर लावतो, जाड होतो, चिडखोर होतो. म्हणूनच धार बारीक होण्याबरोबर वारंवार जावे लागणे, घाई होणे, रात्री उठणे हे सारे सुरू होते. वर्षानुवर्षे असेच चालू राहिले तर तो थकतो. मग वाट मोकळी करून दिली तरी ढकलणाऱ्यातच जोर उरलेला नसतो. ‘वयाप्रमाणे होणारच’ म्हणून दहा वर्षे अंगावर काढणाऱ्यांच्या बाबतीत उत्तम शस्त्रक्रियाही अपुरी ठरते, ती यामुळे.

माझ्या चुलतभावाबरोबर मी पेठेतल्या एका सोनोग्राफी केंद्रात बसलो होतो. भिंतीला टेकून सहा-सात साठी उलटलेले गृहस्थ, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, आणि दर पाच मिनिटांनी आतून येणारी ताई विचारणार, “काका, प्रेशर आलं का?” आमचे बंधू शिस्तीचे, त्यांनी दीड लिटर पाणी संपवले आणि नंबर येईपर्यंत त्यांना उभे राहवेना. तपासणीनंतर लघवीला जाऊन आल्यावर मूत्राशयात २१० मिलीलिटर लघवी शिल्लक असल्याचे अहवालात आले आणि घरी चिंता पसरली. मूत्रविकारतज्ज्ञांनी आठवड्याने तीच तपासणी साधी, सहज भरलेल्या मूत्राशयावर करून घेतली. आकडा १३० निघाला. मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणले गेले की चांगला स्नायूसुद्धा ते नीट रिकामे करू शकत नाही. म्हणून शिल्लक लघवीच्या एका आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नये. धारेच्या वेगाची तपासणी, म्हणजे युरोफ्लोमेट्री, हिलाही हाच नियम लागू आहे. यंत्रात किमान १५० मिलीलिटर लघवी झाली तरच आलेख विश्वासार्ह मानतात. वेग सेकंदाला १५ मिलीलिटरच्या वर असेल तर सहसा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता मोठी. याखेरीज बोटाने केलेली गुदमार्गातली तपासणी, लघवीची तपासणी, मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेण्यासाठी करतात ती पीएसए ही रक्ततपासणी या गोष्टी असतात. बोटाच्या तपासणीला संकोचून नकार देणारे बरेच असतात. ती अर्ध्या मिनिटाची असते आणि सोनोग्राफी तिची जागा घेऊ शकत नाही.

त्रास मोजण्यासाठी जगभर एक प्रश्नावली वापरतात. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस आणि त्यापुढे तीव्र. तिच्या शेवटी एक आठवा प्रश्न असतो, जो या गुणांत धरत नाहीत: लघवीची आजची स्थिती आयुष्यभर अशीच राहिली तर तुम्हाला कसे वाटेल? माझ्या मते निर्णय या प्रश्नावर घ्यावा. बारा गुण असलेल्या माणसाला नाटकाला गेल्यावर रांगेच्या कडेची खुर्ची मिळाली की पुरत असेल, तर त्याला घाईने यंत्राखाली झोपवण्याचे कारण नाही.

बहुतेकांची सुरुवात गोळ्यांनी होते आणि ते योग्यच आहे. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन यांसारख्या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करतात आणि काही दिवसांत फरक दाखवतात. उभे राहताना चक्कर येणे आणि वीर्य बाहेर न येणे हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड ग्रंथीचा आकार हळूहळू, सुमारे एक पंचमांश ते पाव भागाने कमी करतात, पण त्यासाठी निदान सहा महिने लागतात. या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी रक्तातला पीएसए निम्म्यावर येतो. त्यामुळे गोळ्या चालू असताना आलेला ‘२’ हा आकडा प्रत्यक्षात ४ समजायचा असतो, आणि हे रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेला माहीत नसते. जाता जाता आणखी एक: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर टॅम्सुलोसिन घेत असल्याचे, किंवा पूर्वी घेतल्याचेही, नेत्रतज्ज्ञांना आधी सांगावे. या गोळीने बुबुळ सैल पडते आणि शस्त्रक्रियेत अडचण येऊ शकते.

लघवी पुन्हा पुन्हा तुंबत असेल, अडथळ्यामुळे मूत्रपिंडांवर ताण आला असेल, मूत्राशयात खडे झाले असतील, जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव वरचेवर होत असेल, तर ‘हलका’ उपचार शोधत बसण्यात अर्थ नसतो. अशा वेळी अडथळा पुरता काढून टाकणेच इष्ट. तो काढण्याचे दोन मुख्य मार्ग घरगुती उदाहरणांनी समजतात. टीयूआरपीमध्ये विजेवर तापलेल्या तारेच्या कडीने ग्रंथीचा आतला भाग पातळ चकत्यांनी खरवडतात, जणू करवंटी शाबूत ठेवून खोबरे खवावे. होलेप या लेझरच्या पद्धतीत सोललेल्या संत्र्याची साल आणि गर यांच्यामधून अंगठा फिरवावा तसा लेझर फिरवून आतला सगळा गर अखंड सुटा करतात, तो मूत्राशयात ढकलतात आणि तिथे बारीक करून बाहेर ओढून घेतात. दोन्हींना बहुधा कमरेखालची भूल आणि एक-दोन दिवसांचा मुक्काम लागतो. होलेप कितीही मोठ्या ग्रंथीला चालते आणि तिच्यात गर जवळजवळ उरतच नसल्याने पुन्हा वाढण्याचा प्रश्न फारच कमी येतो. मात्र ती शिकायला अवघड आहे, म्हणून यंत्र कोणत्या कंपनीचे हे विचारण्यापेक्षा डॉक्टरांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे विचारावे.

आता खऱ्या अर्थाने हलक्या उपचारांकडे येऊ. त्यांतला वाफेचा उपचार मला सर्वांत रंजक वाटतो. रेझूम या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेत २०१५ साली मंजूर झाली. दुर्बिणीतून एक बारीक सुई ग्रंथीत टोचतात आणि तिच्यातून नऊ सेकंद वाफ सोडतात. वाफेचे तापमान १०३ अंश सेल्सिअस. पर्वतीच्या पायऱ्याही १०३ सांगतात, त्यामुळे पुणेकराला हा आकडा विसरणे अवघड. एका वेळी लागणारे पाणी अर्ध्या मिलीलिटरपेक्षाही कमी. चटका देऊन जाळणे हा येथे हेतू नसतो. वाफ पेशींच्या मधल्या फटींतून पसरते, थंड होऊन तिचे पाणी होते आणि ते होताना तिच्यातली उष्णता एकदम आजूबाजूच्या पेशींना मिळते, जशी कुकरची वाफ हातावर आली तर उकळत्या पाण्याच्या थेंबापेक्षा जास्त भाजते. त्या पेशी मरतात, आणि ग्रंथीच्या भागांमधले पडदे वाफेला अडवत असल्याने ती भलतीकडे जात नाही. आकारानुसार अशा काही टोचण्या देतात आणि सारे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते. वाढलेल्या मधल्या भागालाही वाफ देता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. संशोधन मुख्यतः ३० ते ८० मिलीलिटरच्या ग्रंथींवर झाले आहे.

पण या दिवशी काहीच बाहेर काढलेले नसते, हे रुग्णाला नीट सांगितले जात नाही. मेलेल्या पेशी शरीर आपल्या गतीने शोषून घेते. पहिले काही दिवस ग्रंथी उलट सुजते, म्हणून तीन ते सात दिवस लघवीची नळी ठेवावी लागते, आणि ती काढल्यावरही दोन-तीन आठवडे जळजळ, घाई आणि क्वचित लालसर लघवी चालू राहते. खरा फरक महिन्याभरात जाणवू लागतो आणि तीन महिन्यांत पुरा होतो. आमच्या चुलतभावाने हाच पर्याय घेतला. गोळीने त्याला चक्कर येत असे, ग्रंथी ५८ मिलीलिटरची होती आणि मधला भाग वाढलेला होता. पाच दिवस पायाला बांधलेली पिशवी सैल पायजम्यात लपवून तो घरात बसला आणि तिसऱ्या आठवड्यात मला फोन करून म्हणाला, “पैसे देऊन दुखणं विकत घेतलं मी.” सहाव्या आठवड्यात फोन आला नाही, त्यावरून मी काय ते समजलो.

दुसरी पद्धत युरोलिफ्ट. अमेरिकेत तिला २०१३ साली मंजुरी मिळाली. येथे काही कापत नाहीत, जाळतही नाहीत. खिडकीचे दोन्ही पडदे मध्ये आले असतील तर आपण ते बाजूला सारून दोरीने बांधतो, तसे ग्रंथीचे दोन्ही बाजूंचे भाग छोट्या धातूच्या टाचण्या आणि त्यांना जोडणारा धागा यांनी बाहेर खेचून धरतात. साधारण चार ते सहा टाचण्या लागतात. वाट लगेच मोकळी होते, बरेच जण नळीशिवाय किंवा एका रात्रीच्या नळीने घरी जातात, आणि वीर्यस्खलन जसेच्या तसे राहते. मधला भाग वाढलेला असेल तर मात्र ती तितकी सोयीची नाही. पडद्यांच्या मधोमध खुर्ची ठेवलेली असेल तर पडदे बांधून काय उपयोग? टाचण्या कायम आत राहतात, त्यामुळे पुढे कधी एमआरआय करायचा झाल्यास ते आधी सांगावे लागते. आयटिंड नावाचा याचाच एक तात्पुरता भाऊबंद आहे. पिंजऱ्यासारखी तारेची रचना पाच ते सात दिवस आत ठेवतात, तिच्या दाबाने तोंडाशी खाचा पडतात, आणि मग ती काढून घेतात.

तिसरा मार्ग धमनीरोधनाचा (एम्बोलायझेशन), तो लघवीच्या वाटेने जातच नाही. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून केसासारखी नळी प्रोस्टेटच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात आणि वाळूच्या कणांहून बारीक मणी सोडून तिचा रक्तपुरवठा रोखतात. ग्रंथी काही आठवड्यांत आक्रसते. स्थानिक भुलीवर हे होते आणि मोठ्या ग्रंथीलाही चालते, म्हणून हृदयविकारामुळे भूल धोक्याची असलेल्या वृद्धांसाठी हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ साली याला मान्यता देणारी मार्गदर्शिका काढली. धमन्या फार कडक झालेल्या असतील तर नळी पोचत नाही, आणि क्ष-किरण व रंगद्रव्य वापरावे लागत असल्याने मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांनी जपून निर्णय घ्यावा. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. त्यामुळे मूत्रविकारतज्ज्ञांच्या खोलीत त्याचा उल्लेखच होत नाही आणि रेडिओलॉजिस्टच्या खोलीत दुसऱ्या कशाचा होत नाही. रुग्णाने दोन्हीकडे विचारलेले बरे.

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, यंत्रमानवाच्या साहाय्याने ग्रंथी कोरणारी अ‍ॅक्वाअ‍ॅब्लेशन ही पद्धतही याच यादीत घातली जाते. पण तिला पूर्ण किंवा कमरेखालची भूल लागते आणि भाग काढलाही जातो, तेव्हा तिला टीयूआरपीची धाकटी बहीण म्हणणे जास्त बरोबर. उष्णता नसल्याने वीर्यस्खलन टिकण्याचे प्रमाण तिच्यात बरे आहे. यांतली प्रत्येक पद्धत प्रत्येक रुग्णालयात नसते आणि जे यंत्र घेतलेले असते त्याचीच शिफारस होण्याकडे कल असतो, हेही लक्षात असू द्यावे.

वीर्यस्खलनाचा उल्लेख वारंवार येतो आहे, कारण निवडीत तो खरोखर निर्णायक असू शकतो. टीयूआरपी किंवा होलेपनंतर बहुसंख्य पुरुषांत वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जाते. यात अपाय काही नाही, ताठरताही बहुधा पूर्वीसारखीच राहते, पण आधी सांगितले नसेल तर माणूस हादरतो. आपल्याकडे अडचण अशी की डॉक्टरांच्या खोलीत रुग्णाबरोबर मुलगा, सून, कधी नातसुद्धा बसलेली असते. पासष्ट वर्षांचे गृहस्थ त्यांच्यासमोर हा प्रश्न काढत नाहीत आणि डॉक्टरही वयाकडे पाहून गृहीत धरतात. पाच मिनिटे एकट्याने बोलायची विनंती करण्यात काहीही गैर नाही.

हलकेपणाची किंमत आकड्यांत अशी दिसते. टीयूआरपीनंतर लक्षणांचे गुण साधारण पंधराने उतरतात आणि धारेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. वाफ आणि टाचण्या यांत गुण दहा-बाराने उतरतात आणि वेग सेकंदाला चार ते सहा मिलीलिटरने वाढतो. अमेरिकेतल्या मुख्य चाचण्यांत पाच वर्षांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया लागलेल्यांचे प्रमाण युरोलिफ्टमध्ये १३.६ टक्के आणि रेझूममध्ये ४.४ टक्के होते. पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला ही किंमत नगण्य वाटेल. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने मात्र पुढची पंचवीस वर्षे डोळ्यासमोर ठेवून विचार करावा.

विम्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ साली ज्या आधुनिक उपचारांना विम्यातून वगळता येणार नाही त्यांची यादी दिली, तिच्यात ग्रीन लेझर किंवा होल्मियम लेझरने केलेला प्रोस्टेटचा उपचार नावानिशी आहे. वाफ, टाचण्या आणि धमनीरोधन यांची नावे त्या यादीत नाहीत. शिवाय विमा कंपनी रकमेवर मर्यादा घालू शकते आणि प्रोस्टेटच्या वाढीसाठी अनेक पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. तेव्हा तारीख ठरवण्याआधी लेखी मंजुरी घ्यावी.

आमच्या बंधूंची तीन महिन्यांनंतरची शिल्लक लघवी ४० मिलीलिटर निघाली. रात्रीचे उठणे चारवरून दोनवर आले, शून्यावर नाही. कारण त्यातला एक भाग प्रोस्टेटचा नव्हताच. मधुमेहाची एक गोळी लघवीचे प्रमाण वाढवत होती आणि रात्री साडेआठचा चहा चालूच होता. डॉक्टरांनी चहा बंद करायला सांगितला. तो साडेसातवर आला. पीएसए मात्र दरवर्षी तपासायचा आहे. वाफ असो, लेझर असो वा टीयूआरपी, उपचार आतल्या भागावर होतो. ज्या बाहेरच्या भागात कर्करोग बहुधा उद्भवतो, तो जागेवरच असतो. उपचारानंतर पीएसए खाली येतो आणि तोच खालचा आकडा नव्या मोजणीची पहिली पायरी धरायचा असतो, म्हणून त्या पहिल्या अहवालाची प्रत आम्ही फाईलमध्ये सर्वांत वर लावून ठेवली आहे.